वसईचा किल्ला? शहर म्हणा, शहर!

विरार फास्ट वसईला थांबली की आपण काय करतो? पोट आत घेतो, बॅग पुढे धरतो आणि उतरणाऱ्यांना वाट देतो. मी सहा वर्षं हेच केलं. घर नालासोपाऱ्यात, ऑफिस नरिमन पॉइंटला; वसई म्हणजे आपल्या आधीचं स्टेशन, बस्स. शेवटी ऑफिसातली एक मैत्रीण, अस्सल वसईकर आणि ख्रिश्चन, वैतागली. "लोणावळ्याला दर पावसाळ्यात जातोस, आमच्याकडे कधी उतरणार?"

उतरलो एकदाचा, रविवारी सकाळी सातला. पायात ट्रेकिंगचे शूज, पाठीवर सॅक, त्यात इलेक्ट्रॉल-बिलेक्ट्रॉल. बाईसाहेब साध्या चपलेत. "अरे, चढायचंच नाहीये!" खरंच की. किल्ला म्हटलं की आपल्याला राजगड-तोरणाच आठवतात. इथे स्टेशनवरून घेतलेली रिक्षा सरळ तटाच्या आत शिरते आणि आत अख्खं शहर आहे. म्हणजे होतं. १५३४मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली आणि पुढची दोनशे वर्षं इथे चर्च, मठ, कॉलेज, इस्पितळ, सरदारांचे वाडे असं सगळं नांदलं. आता छपरं गेलीत, भिंती उभ्या आहेत आणि खोल्यांतून झाडं वाढलीत. रिक्षा सोडा आणि चाला. पायवाटा आपोआप एका पडक्या दारातून दुसऱ्यात नेतात.

फ्रान्सिस्कन चर्चमध्ये थंडगार सावली होती. मी एका गुळगुळीत फरशीवर फतकल मारून वडापाव सोडला. तिने सुकेळी काढली होती (वसईची वाळवलेली केळी, नसतील खाल्ली तर तुमचं काही खरं नाही). ती देता देता थबकली. "ऊठ जरा. थडगं आहे ते." खाली पाहिलं, तर दगडात पोर्तुगीज अक्षरं. आजूबाजूलाही तशाच फरश्या. ज्यांनी कमानीवर बदामात नावं कोरलीत, त्यांनीही इथेच बसून डबे खाल्ले असणार. मी वडापाव गुंडाळला.

पुढे चिमाजी अप्पांचा पुतळा दिसला आणि माझ्या अंगात आलं. १७३९चा मे महिना, सुरुंगांनी फुटलेला सेंट सेबॅस्टियन बुरूज, मराठ्यांचा झेंडा! "आपण काय जिंकलं होतं ना हे!"

"आपण म्हणजे कोण रे?"

मी गप्प.

ती चिडली नव्हती. तहानंतर पोर्तुगिजांना आठ दिवस मिळाले, ते शस्त्रं घेऊन, ढोल वाजवत मानाने बाहेर पडले, हे तिलाच जास्त नीट माहीत होतं. "ते गेले. आम्ही कुठे जाणार? आम्ही इथलेच. मीही शाळेत चिमाजी अप्पांवर निबंध लिहिलाय, दहापैकी नऊ." मग तिने गोन्सालो गार्सियाची गोष्ट सांगितली. बाप पोर्तुगीज, आई वसईची. या मुलाला १५९७मध्ये जपानात, नागासाकीला क्रुसावर मारलं आणि १८६२मध्ये तो संत झाला, भारतात जन्मलेला पहिला संत. सहा वर्षं शेजारच्या स्टेशनवर राहून मला हे नाव ठाऊक नव्हतं.

सेंट जोसेफचा मनोरा मात्र बघताक्षणी ओळखीचा वाटला. कोल्डप्लेचा २०१६चा 'हिम फॉर द वीकेंड'चा व्हिडिओ पाहिलाय ना? त्याचं थोडं शूटिंग याच किल्ल्यात झालंय. दारावर १६०१ साल कोरलेलं आहे. वर घंटा नाही. वसईच्या चर्चमधल्या घंटा विजयानंतर मराठ्यांनी नेल्या, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात एक, भीमाशंकरला एक.

"भीमाशंकरच्या घंटेसोबत माझा फोटो आहे," मी बोलून गेलो.

"दाखव."

सागरी दरवाजातून बाहेर पडलो की किल्लाबंदरचा कोळीवाडा. उन्हात बोंबील वाळत होते, वास आपल्या जबाबदारीवर घ्या. २०२४मध्ये भाईंदरहून खाडीतून रो-रो सुरू झाली, तीही इकडेच लागते. धक्क्यावर बसून मी फोनमध्ये खाली खाली गेलो आणि तो फोटो सापडला. त्यात मी दोन बोटं वर करून, मागे घंटा. तिने मला बाजूला सारून झूम केलं आणि बराच वेळ बघत राहिली.

"मला पाठव," म्हणाली. "आणि तुला कापून पाठव."