दत्त चौक किती लांब?

गेल्या वर्षी दुर्गा विसर्जनाच्या रात्री साडेअकराला माझा फोन वाजला. आर्णीच्या एक काकू न्यू जर्सीहून बोलत होत्या. लेकीच्या बाळंतपणासाठी सहा महिन्यांकरता त्या तिकडे गेल्या होत्या. "काय झालं रे बाबू? तुह्या चॅनेलवर मिरवणूक दिसूनच नाही राह्यली. दत्त चौकात आली का देवी?" तिकडे दुपारचे दोन वाजले होते. लेकीच्या घरच्या टीव्हीवर मराठी मालिका लागत होत्या, मुंबईच्या बातम्या लागत होत्या. यवतमाळचा दत्त चौक तेवढा लागत नव्हता.

चूक आमच्याकडची होती. उंच मूर्ती पुढे न्यायची म्हणजे रस्त्यावरच्या तारा बांबूनं वर उचलाव्या लागतात. त्यात आमची फायबर तुटली. आमच्या पोरांनी खांबावर चढून वीस मिनिटांत ती जोडली आणि काकूंना देवी दिसली. पण त्यांचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. यवतमाळ जिल्ह्यात मी ३२ वर्षं लोकांच्या घरात टीव्ही पोचवतोय, आधी केबलनं आणि आता इंटरनेटवरून. माझा अनुभव असा, की जे घराच्या जितकं जवळचं, ते परदेशात बसून बघणं तितकं अवघड. असं का होतं आणि आपल्याला त्यावर काय करता येईल, हे सांगण्यासाठी हा लेख.

१९९३ साली मी एका केबलवाल्याकडे कामाला लागलो. आशियासॅट-१ या उपग्रहावरून १९९१ पासून स्टारची चॅनेलं येत होती आणि २ ऑक्टोबर १९९२ला झी टीव्ही सुरू झालं होतं. गच्चीवर बारा फुटी जाळीची डिश असे. लोक तिला छत्री म्हणत. यवतमाळातून या छत्रीचं तोंड आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ५१ अंश वर ठेवावं लागे, कारण उपग्रह विषुववृत्तावर १०५.५ अंश पूर्वेला होता. वाऱ्यानं छत्री बोटभर जरी हलली, तरी साऱ्या गावाच्या टीव्हीवर मुंग्या. एक जण गच्चीवर पाना घेऊन, दुसरा खाली टीव्हीसमोर, आणि जिन्यातून हाका: "आलं... गेलं... थोडं मागं घे!"

उपग्रहाला स्वतःची हद्द असते, हे मी त्या गच्चीवर शिकलो. भारतीय चॅनेलांचे उपग्रह विषुववृत्ताच्या सुमारे ३६ हजार किलोमीटर वर, ८३ किंवा ९३.५ अंश पूर्वेला अशा जागा धरून असतात. दुबईच्या आकाशात ते क्षितिजाच्या वर असतात. न्यू जर्सीहून मात्र ते पृथ्वीच्या पाठीमागे जातात. तिथं कितीही मोठी छत्री लावली, तरी उपयोग नाही.

त्या काळी परदेशी गेलेल्या माणसाला कॅसेटचाच आधार. माझी मावसबहीण १९९६ साली लग्न होऊन अमेरिकेला गेली, तेव्हा लग्नाची व्हीएचएस कॅसेट तिनं जपून साड्यांच्या घडीत ठेवून नेली. तिथल्या व्हीसीआरमध्ये घातली तर चित्र फाटलेलं, वर वर पळणारं. कॅसेट खराब नव्हती. आपल्याकडे पॅल पद्धत, म्हणजे ६२५ रेषा आणि सेकंदाला २५ चित्रं. अमेरिकेत एनटीएससी, म्हणजे ५२५ रेषा आणि सेकंदाला सुमारे ३० चित्रं. कॅसेटचा आकार एकच, पण एका देशाच्या यंत्राला दुसऱ्या देशाचं चित्र वाचता येत नव्हतं. स्वतःच्या लग्नातला आईचा चेहरा बघायला तिला वर्षभर थांबावं लागलं.

पुढे मराठी चॅनेलं वाढली. दूरदर्शनची मराठी उपग्रह वाहिनी, म्हणजे आजची सह्याद्री, १९९४ साली आली. १९९९ साली अल्फा मराठी आली, तीच आजची झी मराठी. २००० साली आलेली ईटीव्ही मराठी आता कलर्स मराठी आहे. २००८ साली स्टार प्रवाह आली आणि त्याच वर्षी आयबीएन लोकमत. 'लोकमत' हे नाव मूळचं यवतमाळचं, लोकनायक बापूजी अणे यांच्या पत्राचं. आमच्या गावात छापलं गेलेलं नाव उपग्रहावर चढलेलं पाहून आम्हा केबलवाल्यांनाही भरून आलं होतं.

ही चॅनेलं परदेशात न्यायला आधी तिथल्या डिश कंपन्या पुढे आल्या, मग इंटरनेट आलं. मधल्या काळातलं एक यंत्र मला फार आवडलं होतं. क्रिकोरियन या दोन भावांना प्रवासात असताना आपल्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्स संघाचे बेसबॉलचे सामने बघता येईनात, म्हणून त्यांनी स्लिंगबॉक्स काढला. २००५ साली तो बाजारात आला. घरच्या सेट-टॉप बॉक्सला तो जोडायचा आणि घरचाच टीव्ही इंटरनेटवरून दुसऱ्या गावी बघायचा. दिग्रसच्या एका डॉक्टरांच्या घरी मी असा बॉक्स बसवला होता. त्यांचा मुलगा लंडनहून बाबांच्याच टीव्हीचं चॅनेल बदलायचा. इकडे बाबा सोफ्यावर बसलेले आणि चॅनेल आपोआप बदललं, की ते आतल्या खोलीकडे बघून म्हणायचे, "पोरगा आला वाटते." ९ नोव्हेंबर २०२२ला कंपनीनं ती सेवा बंद केली, आणि जगभरातले ते बॉक्स एका दिवसात निकामी झाले.

आज टीव्ही इंटरनेटवरून कसा जातो, हे सांगताना मी आमच्या शकुंतला गाडीचा दाखला देतो. मूर्तिजापूर ते यवतमाळ अरुंद रुळांवर ती कशी यायची, हे इथल्या जुन्या माणसांना पक्कं ठाऊक आहे. इंटरनेटवर चित्र सलग वाहत नाही. त्याचे डबे करतात, एकेक डबा साधारण सहा सेकंदांचा. शिवाय प्रत्येक डबा तीन-चार आकारांत तयार ठेवतात. तुमच्या घरचा रूळ रुंद असला तर मोठा डबा येतो आणि चित्र स्वच्छ दिसतं. रूळ अरुंद झाला की लहान डबा येतो, चित्र धूसर होतं, पण गाडी थांबत नाही. मोबाइलवर चित्र मधेच धूसर होऊन पुन्हा उजळतं ते यामुळे. पहिले दोन-तीन डबे हाताशी आल्याशिवाय चित्र सुरू होत नाही. म्हणून इंटरनेटवरचा टीव्ही छत्रीवरच्या टीव्हीपेक्षा अर्धा मिनिट मागे असतो. क्रिकेटच्या दिवशी शेजारच्या घरातला जल्लोष आधी आणि तुमचा चौकार मागून, हे त्याच डब्यांमुळे. चांगल्या चित्राला सेकंदाला ५ मेगाबिट लागतात, म्हणजे तासाला सव्वादोन जीबीच्या आसपास. प्रवासात मोबाइलचा डेटा का संपतो, याचा हिशेब इथंच लागतो.

मग रूळ जगभर पसरलेले असताना आपलं चॅनेल परदेशात बंद का? लोक मला हेच सर्वांत जास्त विचारतात. "इथं पैसे भरले ना आम्ही? मग सिंगापूरला काहून नाही दिसत?" कारण हक्क देशागणिक विकले जातात. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे हक्क २०२२ साली ४८,३९० कोटी रुपयांना गेले. त्यात भारतीय उपखंडातल्या टीव्हीचे २३,५७५ कोटी वेगळे, डिजिटलचे वेगळे आणि परदेशांचे आणखी वेगळे. ज्यानं भारताचे हक्क घेतले, त्याला ते चित्र अमेरिकेत दाखवता येत नाही, कारण अमेरिकेसाठी पैसे मोजणारा दुसराच असतो. सिनेमा, गाणी, जाहिराती, सगळ्यांना हाच नियम. तुमचा मोबाइल इंटरनेटला जोडला की त्याला आयपी पत्ता मिळतो. हे पत्ते जगाच्या भागांप्रमाणे वाटलेले असतात. अ‍ॅप तो पत्ता वाचतं आणि दार उघडायचं की नाही ते ठरवतं. तुम्ही यवतमाळचे आहात, हे त्या दाराला कळत नाही. तुम्ही आत्ता कुठे उभे आहात, एवढंच त्याला कळतं.

म्हणून परदेशी निघालेल्या प्रत्येक आईवडिलांना माझं सांगणं आहे. जायच्या आधी भारतातला मोबाइल नंबर बंद पडू देऊ नका. त्यावर रिचार्ज ठेवा आणि रोमिंग सुरू करून घ्या, कारण प्रत्येक अ‍ॅपचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. पांढरकवड्याचे एक निवृत्त मास्तर तीन महिने ऑस्ट्रेलियात राहिले. वर्षाचे पैसे भरलेलं अ‍ॅप असूनही त्यांना काहीच बघता आलं नाही, ओटीपी येणारं सिम पांढरकवड्याला देव्हाऱ्याच्या कपाटात होतं. ज्या देशात जाताय, तिथं ते अ‍ॅप चालतं का आणि तिथली वर्गणी वेगळी आहे का, ते मुलांना आधीच विचारून ठेवा. प्रसार भारतीनं नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वेव्ज' हे अ‍ॅप काढलं आहे, दूरदर्शन आवडणाऱ्या माणसांनी ते जरूर बघावं. आणि "सगळी चॅनेलं फुकट" म्हणून कुणी टीव्हीला जोडायचा डबा विकत असेल, तर तो घरात आणू नका. ते चित्र चोरीचं असतं. डबा कधी बंद पडेल ते सांगता येत नाही आणि त्यात भरलेला तुमच्या कार्डाचा नंबर कुठे जाईल, तेही नाही.

इतकं सगळं नीट केलं, की मोठी चॅनेलं दिसतात. रात्री साडेआठची मालिका न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळी अकराला लागते. तिकडची आजी बाळाला मांडीवर घेऊन ती बघते आणि इकडे तिची जाऊ जेवणं आटोपून तेच बघत असते. दोघी त्याच प्रसंगाला रडतात. मोठ्या चॅनेलांनी हा पूल बांधला, त्याबद्दल मला आदर आहे.

पण मुंबईहून निघणाऱ्या चॅनेलावर घाटंजीच्या बाजारातला कापसाचा भाव येत नाही. वणीत पाणी शिरलं तर खाली पट्टीत एक ओळ येते. यवतमाळचा दुर्गोत्सव कोलकात्याच्या खालोखाल, असं आम्ही अभिमानानं सांगतो, तरी त्याला मोठ्या चॅनेलवर दोन मिनिटं मिळतात. हे सगळं दाखवतो गावचा केबलवाला, त्याच्या स्थानिक चॅनेलवर. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळात ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. याच जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबातल्या वैशाली येडे यांनी त्याचं उद्घाटन केलं. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची ती विधवा मंचावर उभी राहून बोलली, तेव्हा मला परदेशातून फोनवर फोन आले. फोन करणारे सगळे इथून गेलेले होते. जिल्ह्याचं नाव नेहमी ज्या कारणानं बातमीत येतं, त्या कारणाबद्दल इथलीच एक बाई स्वतः बोलत होती, आणि ते त्यांना स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं.

या स्थानिक चॅनेलांचं चित्र मात्र फार लवकर नाहीसं होतं. २०२२ साली केंद्र सरकारनं अशा चॅनेलांसाठी नियम आणले. नोंदणीची फी चॅनेलमागे १,००० रुपये, आणि कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग ९० दिवस ठेवायचं. ९० दिवसांनंतर ते ठेवायला कायदा सांगत नाही. हार्ड डिस्क भरली, की जुनं पुसून त्यावर नवं घेतात. वर्षानुवर्षं आम्हीही तेच केलं.

दोन वर्षांपूर्वी मेलबर्नहून एका मुलाचा फोन आला. २०११च्या नवरात्रात आमच्या कॅमेऱ्यानं त्याच्या मंडळाची आरती दाखवली होती. आरतीचं ताट त्याच्या आईच्या हातात होतं. आई आता नाही. "काका, तेवढा अर्धा मिनिट मिळेल का? ती चालताना, बोलताना कुठंच नाही आमच्याजवळ. फोटो आहेत नुसते." मी तीन दिवस कपाटं धुंडाळली. त्या डिस्कवर २०१४ सालच्या एका क्रिकेट स्पर्धेचे सामने निघाले. त्याला तसं सांगताना माझा आवाज फुटेना. तो म्हणाला, "असू द्या काका," आणि उलट मलाच धीर देत राहिला.

आईचा तो अर्धा मिनिट अडवायला कुठला हक्कांचा करार नव्हता, पृथ्वीची गोलाई नव्हती, पॅल-एनटीएससीचा फरक नव्हता. तो आमच्याच खोलीत होता आणि आम्हीच तो पुसला.

तेव्हापासून आम्ही एक पद्धत लावली आहे. महिन्यातून एक तासाचं चित्रण निवडून वेगळ्या डिस्कवर ठेवतो. त्यात बाजार, पाऊस, शाळेचं संमेलन, मिरवणूक असं सगळं येतं. प्रत्येक डिस्कच्या दोन प्रती काढतो, एक आमच्याकडे आणि दुसरी दुसऱ्या गावी. सोबतच्या वहीत तारीख, चौक आणि दिसणाऱ्या माणसांची नावं लिहितो. याला लागतं ते एक जादा डिस्क, एक वही आणि महिन्याची एक संध्याकाळ. जिल्ह्यातल्या सोळाही तालुक्यांतल्या केबलवाल्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की हे एवढं करा. गावच्या वाचनालयानं त्यातली एक प्रत मागून घ्यावी.

यंदा दसऱ्याच्या आधी आम्ही दत्त चौकातली फायबर खांबावर दोन हात वर बांधली. मिरवणूक सुरू झाल्यावर आर्णीच्या काकूंना मीच फोन लावला. त्या आता आर्णीला परतल्या आहेत. "मी हाव ना घरी," त्या म्हणाल्या, "पण पोरगी लावून बसली हाय तिकडं. नात पायते म्हणते." मी फोन ठेवला आणि वहीत त्या रात्रीच्या ओळीपुढे तारीख टाकली.