पुढे पाठवण्यापूर्वी

नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर मार्गासनी हे गाव लागते. राजगडावर निघालेली मंडळी येथूनच साखर, गुंजवणेची वाट धरतात. २०२० च्या मार्चमध्ये दहावीचा भूगोलाचा पेपर पुढे ढकलला गेला, तेव्हा भाच्याला चार दिवस मोकळी हवा मिळावी म्हणून आम्ही उभयता त्याला घेऊन येथे एका स्नेह्यांच्या घरी आलो. पाठोपाठ टाळेबंदी झाली आणि चार दिवसांचे जवळजवळ चार महिने झाले.

त्या घरी मोबाइलची रेंज अंगणाच्या एकाच कोपऱ्यात मिळे. १४ जून हा रविवार होता, ख्रिस्तशरीराचा सण. चर्चची दारे बंद असल्याने त्या कोपऱ्यातील दगडावर मोबाइल टेकवून आम्ही तिघांनी सकाळची मिस्सा पाहिली. दुपारी त्याच मोबाइलवर अभिनेते सुशांतसिंह राजपूत यांच्या मृत्यूची बातमी आली आणि मागोमाग त्यांच्या मृतदेहाचे छायाचित्र. तेही आप्तेष्टांच्याच ग्रुपवर! आम्ही हळहळलो आणि, आज सांगताना संकोच वाटतो, ते दोन ठिकाणी पुढे पाठवले. दुःखात सहभागी होण्याची ती एक रीतच आहे, असे आम्हांला वाटले असावे.

अशी छायाचित्रे पसरवणे कायद्याच्या विरुद्ध असून ती पुसून टाकावीत, असे आवाहन महाराष्ट्र सायबर विभागाने केले. ते वाचून आम्ही छायाचित्र पुसले. पण आमच्या भाच्याने ते पाहिले होते. त्याच्या मनातून ते कोण पुसणार?

पुढील दिवसांत तो रात्री उशिरापर्यंत त्या कोपऱ्यात बसू लागला. त्याने एक चित्रफीत पाहिली की मोबाइल तशाच दहा पुढे करी. पाहणाऱ्याचे मन कोणत्या अवस्थेत आहे, हे त्या यंत्राला ठाऊक नसते. नजर कशावर रेंगाळली, एवढेच ते मोजते. मुलाचे जेवण कमी झाले, बोलणे तुटक झाले. एके दिवशी ताटावर बसल्या बसल्या तो म्हणाला, "मामी, आपण नसलो तर कुणाला काही फरक पडतो का?"

"भलतेसलते बोलू नये," म्हणून आम्ही विषय बदलला. तेव्हा स्नेह्यांच्या वृद्ध आई चुलीजवळून म्हणाल्या, "अवं, पोरगं काय म्हणतंय ते ऐका तरी!"

त्या रात्री आम्ही त्याच्याजवळ बसलो. बराच वेळ धीर होईना. अखेर सरळच विचारले, "बाळा, जीव संपवावा असे तुझ्या मनात येते का?" तो रडू लागला. होय, येत होते. भूगोलाचा पेपर रद्द झाला होता, निकालाचा पत्ता नव्हता, मित्र दूर होते आणि हातातला मोबाइल रात्रंदिवस एकच गोष्ट सांगत होता. विचारल्याने नसता विचार मुलाच्या डोक्यात शिरेल, ही आमची भीती निराधार होती. आपुलकीने विचारल्यास मनावरचा भार हलका होतो, असे तज्ज्ञ सांगतात. दुसऱ्या दिवशी अंगणातल्या त्याच कोपऱ्यातून आम्ही पुण्यातील मानसोपचारतज्ज्ञांना फोन लावला.

आपला समाज धोका नेहमी दूर कोठेतरी शोधतो. २०१७ मध्ये 'ब्लू व्हेल' नावाच्या खेळाने घराघरांत धास्ती पसरवली होती. त्या खेळामुळे देशात मृत्यू झाल्याचे सिद्ध होऊ शकले नाही, असे सरकारने जानेवारी २०१८ मध्ये लोकसभेत सांगितले. आमच्या घरी मात्र जे शिरले ते कोणा अज्ञात शत्रूने धाडले नव्हते. आप्तांनी पाठवले, आणि आम्हीही पुढे पाठवले.

अशा मृत्यूंचे रसभरित वर्णन खचलेल्या मनाला त्याच वाटेवर ओढते, हे जगाला फार पूर्वी कळले आहे. व्हिएन्ना शहरात भुयारी रेल्वेतील अशा घटनांच्या भडक बातम्या छापून येत. १९८७ मध्ये तेथील वृत्तपत्रांनी संयम पाळायचे ठरवले आणि त्या घटना झपाट्याने घटल्या. आपल्या प्रेस कौन्सिलनेही २०१९ मध्ये वृत्तपत्रांसाठी अशीच मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. पण आज प्रत्येकाच्या हातात एक वृत्तपत्र आहे आणि त्याला संपादक नाही. २०२२ या एका वर्षात देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांपैकी २२,७४६ आपल्या महाराष्ट्रातील, सर्व राज्यांत सर्वाधिक.

आपल्या धर्मग्रामांतही या विषयावर कुजबूज होते, बोलणे होत नाही. अशा मृतांना ख्रिस्ती दफनविधी नाकारावा, हा १९१७ च्या धर्मविधिसंहितेतील नियम १९८३ च्या संहितेत राहिला नाही. त्यांच्या तारणाविषयी निराश होऊ नये, असे ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ सांगतो. ख्रिस्तसभेने दार उघडले असता आपण कुजबुजत का राहावे? शोकाकुल घराला आपले येणे हवे असते, छायाचित्र नको असते.

वाचकहो, आमचा भाचा आज महाविद्यालयात शिकतो आहे आणि त्याच्या संमतीनेच हे लिहिले आहे. आमच्या घरी आता रात्री सर्वांचे मोबाइल स्वयंपाकघरातील फळीवर असतात, आमचेही. असे काही ग्रुपवर आलेच, तर आम्ही ते पुढे न पाठवता पाठवणाऱ्याला फोन करतो. घरात कोणी गप्प गप्प झाले, तर जवळ बसून विचारतो. सरकारची 'टेलिमानस' ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य, मराठीतूनही बोलता येते. हा क्रमांक मात्र आपल्या ग्रुपवर अवश्य पुढे पाठवा.