डोंगर कुठे संपतो?

डोंगर कुठे संपला आणि माणसाने रचलेला दगड कुठे सुरू झाला, ते सांगताच येत नाही! लाला दीनदयाळ यांनी १८८०च्या दशकात टिपलेलं गोवळकोंड्याचं छायाचित्र मी पहिल्यांदाच मोठं करून पाहिलं आणि अक्षरशः थक्क झाले. हैदराबादेत राहून हा किल्ला इतक्यांदा पाहिला, पण असा कधी दिसला नव्हता.

माथ्यावर बालाहिसार हा बालेकिल्ला, उतारावर पडक्या इमारती, तटाच्या रेषा आणि मधूनमधून भल्याथोरल्या शिळा. सगळा एकाच जातीचा ग्रॅनाइट, सुमारे २५० कोटी वर्षांचा. रंगीत फोटोत नजर आधी हिरव्या झाडीकडे पळते. इथे रंगच नाही, म्हणून उरतो तो फक्त दगड. मग एक खूण सापडली! ऊनपावसाने झिजलेली शिळा गोल होते, तिच्या अंगावरची सावली हळूहळू गडद होत जाते. घडवलेल्या चिऱ्याची कड मात्र सावली एकदम तोडते. ही खूण धरून तटावरून नजर फिरवा. तट शिळेपाशी येतो, तिला फोडत नाही, वळसाही घालत नाही. तिलाच भिंतीत सामावून घेऊन पुढे जातो! कुतुबशाही गवंड्यांनी डोंगराला कामाला लावलं होतं.

आपल्याकडच्या देवगिरीशी ताडून पाहा. तिथे बेसॉल्ट, कारागिरांनी कडा तासून उभ्या भिंतीसारखा गुळगुळीत केला. एकीकडे डोंगर कोरला, दुसरीकडे डोंगरच बांधकामात घेतला. दीनदयाळ यांनी दोन्ही किल्ले टिपले आहेत, आणि निजामाच्या मुलखातल्या दृश्यांचा त्यांचा १८९२चा अल्बम लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, लॉर्ड कर्झन यांच्या संग्रहात आहे. रुडकीला इंजिनिअरिंग शिकलेला, इंदूरला बांधकाम खात्यात राबलेला हा माणूस पुढे सहाव्या निजामांचा दरबारी छायाचित्रकार झाला. बांधकाम कळणारी नजर त्याच्या चौकटीत मला जागोजागी दिसते.

आणि ते कोरं पांढरं आकाश! त्यावरून हवामान ओळखायला जाऊ नका. त्या काळच्या काचेच्या प्लेटा निळ्या प्रकाशाने फार लवकर काळवंडत, म्हणून कागदावर निळं आकाशही ढगाविना पांढरं उतरे आणि लांबचे डोंगर असतात त्याहून धुरकट दिसत. हे कळल्यावर जुन्या फोटोतलं अंतरही वेगळं वाचता येतं.

आज शहराच्या टोलीचौकी भागातली घरं किल्ल्याच्या अगदी जवळ येऊन ठेपली आहेत. तेव्हा गोवळकोंड्याला जाल तर थेट फतेह दरवाज्यात शिरू नका. हे छायाचित्र मोबाइलवर घेऊन आधी कुतुबशाही मकबऱ्यांकडे जा, तिथून किल्ल्याकडे पाहा आणि एकेक शिळा जुळवा.