पहिल्या कादंबरीचे जाहीर वाचन

कवीने आपली कविता सभेत म्हणून दाखविली तर कोणास नवल वाटत नाही. कथाकथनासही महाराष्ट्र चांगलाच सरावला आहे. शंकर पाटील, द. मा. मिरासदार व व्यंकटेश माडगूळकर या त्रयीने ती गोडी गावोगाव लावून ठेविली. कादंबरी मात्र एकट्याने, स्वस्थपणे वाचावयाची वस्तू, अशी आपली समजूत आहे. म्हणूनच एखादा नवा लेखक आपली पहिलीच कादंबरी घेऊन विद्यापीठाच्या सभागृहात वाचावयास उभा राहणार असे कळले, की आम्हांस घरी बसवत नाही. नांदेड आम्हां चाकूरकरांस काही उंबऱ्याशी नाही. अहमदपूर, लोहा ही गावे मागे टाकीत जाण्यायेण्यात दिवस मोडतो. तरीही आम्ही जातो.

अशा एका वाचनातील प्रसंग आमच्या मनात घर करून राहिला आहे. वाचणारा तरुण आमच्याच बाजूचा होता. उताऱ्यात आई मुलास विचारते, “काय करलालास?” हा शब्द कानी पडताच सभागृहात हशा पिकला. वास्तविक प्रसंग हसण्याचा नव्हता. कथेतील त्या घरचा बैल त्याच दिवशी विकला गेला होता. तरुण क्षणभर थांबला, पाण्याचा घोट घेतला आणि तीच ओळ त्याने पुन्हा, पहिल्यापेक्षा सावकाश वाचली. या खेपेस कोणी हसले नाही.

हसणारे कोणी परके नव्हते. त्यांतील पुष्कळांनी त्या दिवशी सकाळी आपल्या घरी हाच शब्द उच्चारला असेल. मग हसू का यावे? आम्हांस वाटते, आपल्या घरचे माणूस अनपेक्षित ठिकाणी भेटले म्हणजे माणूस जसा गोंधळतो, तसेच येथे झाले. 1948 पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. 1918 साली हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ निघाले, त्याचे माध्यम उर्दू होते. पुढे 1958 साली औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ झाले आणि 1994 साली नांदेडास स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे विद्यापीठ आले. मराठीस मान मिळाला. परंतु तो ग्रांथिक मराठीस. घरची बोली चपलांबरोबर दाराबाहेरच राहिली.

तिला आत आणण्याचे काम कादंबरीकारांनी केले. लातूर जिल्ह्यातील काटगावचे रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ ही पहिलीच कादंबरी 1971 साली प्रसिद्ध झाली. गंगाराम शिंप्याच्या घराची वाताहत त्याची बायको पार्वती आपल्या बोलीत सांगते, आणि आरंभापासून अखेरपर्यंत तीच बोली आपल्या कानाशी राहते. या गोष्टीस अर्धशतक उलटून गेले, ती विद्यापीठांतून अभ्यासिलीही गेली. तरी सभागृहात हसू येतेच. कारण उघड आहे. मुक्याने वाचताना डोळा अशा शब्दावरून हळूच पुढे सरकतो; कानास ती सवलत नाही.

जाहीर वाचन म्हणजे पुस्तक खपविण्याची युक्ती, असा आक्षेप काही मंडळी घेतात. चांगला लिहिणारा चांगला वाचतोच असेही नाही, आणि अडखळत्या वाचनाने उत्तम प्रकरणाचा रस गेल्याचे आम्ही अनुभविले आहे. तथापि पहिल्या पुस्तकाच्या लेखकास कीर्तीचे पाठबळ नसते. श्रोत्यांपुढे तो आणि त्याचे वाक्य, एवढीच दोघे उभी असतात. वाक्य खरे असेल तर ते दुसऱ्या खेपेस सभागृहास गप्प करते.

पारितोषिक मिळाल्यावर लेखकास बोलावणे सोपे आहे. विद्यापीठांनी त्यास त्यापूर्वीच बोलवावे, हारतुऱ्यांचा वेळ वाचवून एक प्रकरण सबंध वाचू द्यावे, आणि विद्यार्थ्यांनी येताना आपल्या आईसही बरोबर आणावे. ती कोठे हसते व कोठे गप्प होते, हे पाहण्यासारखे असेल.