डबीची मागची बाजू

अकोला,
रविवार, दुपार

चि. मिनूस अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझा फोटो आला आणि माझी झोप उडाली. तुझी मामी म्हणते, "पोरीने आरशापुढचा पसारा दाखवलाय, त्यात काय एवढं!" तिला बाटल्या दिसल्या, मला फक्त ती मधली डबी दिसली. गुलाबी झाकणाची, अंगावर ना नाव ना गाव. आणि खाली तुझा मजकूर, "पार्लरच्या ताई घरी बनवतात, आठ दिवसांत फरक पडला, मामा!" सारा जन्म औषधाच्या काउंटरमागे काढलेल्या माणसाला हे वर उद्गारचिन्ह घालून कळवतेस?

तू विचारलंस तेवढ्याचं उत्तर आधी देऊन टाकतो. रोज करता येईल असं सोपं काही तरी सांगा, म्हणालीस. सकाळी सौम्य फेसवॉश. अंगाचा साबण तोंडाला नको. त्वचेचा पीएच पाचाच्या आसपास असतो आणि साध्या साबणाचा नऊ-दहा, म्हणून धुतल्यावर तोंड ओढल्यासारखं होतं. त्यालाच तुम्ही स्वच्छ म्हणता. चेहरा टिपून घ्यायचा, खसाखसा पुसायचा नाही, आणि ओलसर असतानाच साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर लावायचं. त्यावर सनस्क्रीन. रात्री तोंड धुवून पुन्हा मॉइश्चरायझर. संपलं. एवढ्याला फोटोतली अर्धी फळीसुद्धा लागत नाही.

सनस्क्रीनवर मात्र पैसे खर्च कर. एसपीएफ ३० चं घे, पाठीमागे यूव्हीए असंही लिहिलेलं हवं. ५० चं घेतलंस तरी फार फरक नाही. ३० चं सुमारे ९७ टक्के यूव्हीबी अडवतं, ५० चं ९८. खरी गडबड होते ती लावण्यात. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर बुडापासून टोकापर्यंत रेघ, इतकं चेहऱ्याला नि मानेला लागतं. तुम्ही पोरी वाटाण्याएवढं लावता आणि कंपनीला नावं ठेवता. उन्हात असलीस तर दोन-तीन तासांनी पुन्हा लाव. ऑफिसात खिडकीजवळ बसतेस ना? यूव्हीए काचेतून आत येतात. आणि हो, तुम्ही पुण्याच्या मुली स्कूटरवर तो स्कार्फ डाकूसारखा गुंडाळता, त्याची मी इतकी वर्षं चेष्टा केली. ती परत घेत नाही, पण स्कार्फ सोडूही नकोस. आतून सनस्क्रीन लाव.

आता बाकीच्या बाटल्या. व्हिटॅमिन सी, नायसिनमाइड, रेटिनॉल, शिवाय ते ग्लायकोलिक अ‍ॅसिड. एका चेहऱ्यावर, एकाच रात्री? सगळ्या महिनाभर बाजूला ठेव. मग वाटलंच तर एक उघड, एकच. (रेटिनॉल पुढे दिवस राहायच्या वेळी चालत नाही, हे मामीने लिहायला सांगितलं आहे.) आणि थांबायची तयारी ठेव. त्वचेचा वरचा थर नव्याने यायलाच साधारण चार आठवडे लागतात, डाग फिके व्हायला दोन-तीन महिने. सरळ मार्गाने काम करणारं कुठलंही औषध आठ दिवसांत चेहरा उजळवत नाही.

म्हणून त्या डबीवर येतो. आठ दिवसांत गोरं करणारी जी क्रीमं माझ्या काउंटरवर लोकांनी आणून दाखवली, त्यांत दोनातलं एक असायचंच. स्टेरॉइड, नाही तर पारा.

स्टेरॉइडचं तुला माहीत हवं होतं, लहानपणी शाळा सुटल्यावर दुकानात स्टुलावर बसून सगळं ऐकायचीस. "ती ट्यूब द्या, शेजारच्या वहिनी लावतात ती." चिठ्ठी नाही, डॉक्टर नाही, पोराच्या हातात रिकामी, पिळून चपटी झालेली ट्यूब. १९७५ साली क्लिगमन नावाच्या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञाने वांगाच्या डागांसाठी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड असं मिश्रण मांडलं. अशी मिश्रणं डॉक्टरांच्या नजरेखाली काही आठवडे लावायची असतात. आपल्याकडे ती घराघरांत रोजची क्रीमं होऊन बसली. पहिल्या आठवड्यात चेहरा तुकतुकीत दिसतो. मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुटकुळ्या येतात, गालावर लव वाढते. बंद केलं की आग होते, म्हणून बाई पुन्हा लावते. पुन्हा बरं वाटतं. कितीतरी बायका मी या फेऱ्यात अडकलेल्या पाहिल्या. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने आरडाओरडा केला, २०१८ मध्ये सरकारने अशी चौदा स्टेरॉइड क्रीमं चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली. मी देत नव्हतो तेव्हा गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात जात, हेही तू पाहिलंस.

तरी ट्यूबला निदान मागची बाजू असते. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन : यातलं एक नाव दिसलं की खाली ठेवायची. मी तुला अक्षरं जुळवायला शिकवली ती औषधांच्या खोक्यांवर, ती काय मोबाइलवर जाहिराती वाचायला? ज्या वस्तूला मागची बाजूच नाही ती तोंडाला लावायची नाही, पोटात घ्यायची नाही, कुणाला भेट द्यायची नाही. पार्लरची क्रीमं, यात्रेतली मलमं, वजन उतरवायच्या पुड्या, परदेशातून कुणी आणलेल्या भलत्याच लिपीतल्या डब्या, सगळ्यांना हाच नियम. मामी म्हणते मी लोणच्याच्या बरणीलाही तारीख विचारतो. विचारतोच.

आणि पारा. हे लिहिताना हात थरथरतो, कारण गोष्ट लांबची नाही. २०२२ च्या सुमारास आपल्याच अकोल्यात एक कॉलेजातली मुलगी, तिची आई आणि बहीण, तिघीही ब्युटिशियनकडून घेतलेलं क्रीम लावत होत्या आणि तिघींचीही किडनी आजारी पडली. मुंबईत केईएमच्या डॉक्टरांनी माग काढला तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. केरळात मलप्पुरमकडे तर डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ मधले किडनीच्या एका आजाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांतल्या १५ जणांत एक विशिष्ट खूण सापडली आणि त्या १५ पैकी १३ जण गोरं होण्याचं क्रीम लावत होते. पारा कातडीतला रंग तयार होणंच अडवतो, म्हणून उजळ दिसतं. पण तो कातडीवर थांबत नाही, रक्तात उतरतो आणि किडनीत साठतो. आरशात काही कळत नाही. लघवीला फेस येतो, सकाळी डोळ्यांखाली आणि पावलांवर सूज येते, तेव्हा कळतं.

तुझ्या डबीत यातलं काय आहे, मला माहीत नाही. ताईंनाही माहीत असेल असं वाटत नाही. कुठून तरी किलोने आणून डब्या भरत असतील. मला पडलेला प्रश्न वेगळाच आहे. तुला उजळायचं कुणी सांगितलं? होणाऱ्या सासरच्या मंडळींपैकी कुणी बोललं का? बोललं असेल तर मला नाव कळव, साखरपुड्याला मी मुद्दाम त्यांच्या शेजारी बसेन. तुझी आई काही म्हणाली असेल तर तिला तिच्या पपईच्या प्रयोगाची आठवण करून दे. मात्र हे पत्र तिला दाखवू नकोस.

याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. पार्लरमधल्या 'स्किन एक्स्पर्ट'कडे नव्हे, एमडी किंवा डीव्हीडी लिहिलेल्या डॉक्टरकडे. आज रात्रीपासून ते क्रीम लावायचं नाही. दोन-चार दिवसांत चेहरा लाल झाला, आग झाली तर घाबरून पुन्हा डबी उघडू नकोस; उलट तेच डॉक्टरांना सांग, त्यांना त्यावरून बरंच कळेल.

तुझा,
नानामामा

ता. क. : लघवीची साधी तपासणी आणि क्रिएटिनिन उद्याच करून घे, पैसे मी पाठवतो. आणि डबी रागाने फेकू नकोस. आत काय आहे ते तपासायचं असेल तर तीच लागेल.