लोकरीला कुणी इचारंना

आषाढीला तुकोबारायांची पालखी आमच्या काटेवाडीत आली की परीट मंडळी धोतराच्या पायघड्या घालतात, मेंढरं पालखीभोवती रिंगण धरतात. बघायला ही गर्दी! पण त्याच मेंढरांच्या लोकरीला आज कुणी विचारत नाही.

दख्खनी मेंढीची वर्षातून दोनदा कातरणी. वर्षाला किलोभरही लोकर निघत नाही, तीही काळी अन् राठ. पूर्वी घरच्या बायका ती पिंजून चरख्यावर सूत काढायच्या. सणगर त्याला चिंचोक्याची खळ लावून खड्ड्याच्या मागावर घोंगडी विणायचा. पावसात तिचीच खोळ, रात्री तेच अंथरूण-पांघरूण. मग गिरणीची स्वस्त ब्लँकेटं आली. आता कातरायची मजुरीसुद्धा लोकरीतनं सुटत नाही. न कातरून भागत नाही, गोचीड होतात. कातरायची अन् बांधाला टाकायची.

अलीकडं या लोकरीची आसनं, पिशव्या, गालिचे होतात. शहरात गिऱ्हाईकही हाय. चांगलंच हाय. पण सूत काढणाऱ्या म्हातारीला खुरपणीएवढा रोज पडला, तरच तिची नात चरख्याला हात लावंल.