सोमवारचे ब्रेक

रविवारी ताम्हिणी, सोमवारी हिंजवडी. एकाच गाडीला दोन्ही जमावं म्हणून नाना पेठेत घालवलेल्या एका शनिवारची ही गोष्ट.

लाल रंगाची, दोन दारांची, सेकंडहँड ऑडी टीटी सोसायटीच्या पार्किंगमध्ये येऊन उभी राहिली, तेव्हा आईचा पहिला प्रश्न होता, "मागे कोण बसणार?"

कुणीच नाही! मागच्या सीटवर माझ्या लॅपटॉपची बॅग बसते आणि फार तर भाजीची पिशवी. अप्रेजलनंतर मैत्रिणी फ्लॅटचं बुकिंग करत होत्या, मी ही घेतली. १९९८ साली पहिली टीटी आली आणि २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये शेवटची कारखान्यातून बाहेर पडली. म्हणजे आता नवी मिळणार नाही, आहे ती जपायची.

पण जपायची म्हणजे झाकून ठेवायची नाही हं. सोमवार ते शुक्रवार ही गाडी वारजे ते हिंजवडी अशी माझ्यासोबत नोकरी करते. चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये पाडला, ऑगस्ट २०२३ मध्ये नवे रस्ते खुले झाले, तिथे जरा हायसं वाटतं. पुढे बाणेर आणि मग वाकडची ती सुप्रसिद्ध रांग. पहिला गिअर, ब्रेक, पहिला गिअर, ब्रेक. महिन्यातून दोन रविवार मात्र आमचे. पिरंगुट, पौड, मुळशीचं पाणी, ताम्हिणीची वळणं आणि खाली विळे गाव. तिथून कोकण खुणावत असतं.

गेल्या हिवाळ्यात गाडीचे पुढचे ब्रेक पॅड संपत आले. रविवारी मिसळीवर भेटणाऱ्या आमच्या गँगने एकमताने ठराव केला. "स्पोर्ट्स कार आहे यार, रेसिंगचेच पॅड टाक!" मलाही ते पटलं. खरं सांगू? पटायला फार वेळ लागलाच नाही. बॉक्सवर चेकर्ड फ्लॅग होता.

पहिला रविवार स्वप्नवत गेला. ताम्हिणी उतरताना पायाखालचं पेडल दगडासारखं घट्ट. प्रत्येक वळणाला गाडी सांगितलेल्या जागी थांबायला तयार. मी घरी येऊन गँगला अंगठ्यांची अख्खी रांग पाठवली.

मग सोमवार आला.

सकाळचे सव्वासात, डिसेंबरची थंडी. सोसायटीतून निघून सर्व्हिस रोडला लागले, जेमतेम तीन मिनिटं झाली होती. समोर स्कूल व्हॅन थांबलेली. तिच्या मागून एक छोटा मुलगा पाठीवरची बॅग सावरत रस्त्यावर आला. माझा वेग फार नव्हता, चाळीस असेल. मी ब्रेक दाबला. गाडी हळू झाली, पण रोजच्यासारखी नाही. पाय आणखी दाबला. बॉनेट आणि मुलगा यांच्यात एक हात अंतर उरलं, तेव्हा गाडी थांबली.

मुलगा दचकला, मग व्हॅनमध्ये चढलासुद्धा. त्याला सोडायला आलेल्या आजोबांनी माझ्याकडे नुसता हात वर केला. रागावले असते तर बरं झालं असतं. ऑफिसला पोचेपर्यंत माझे हात थरथरत होते.

दिवसभर मीटिंगमध्ये एकच विचार. पॅड खराब होते का? नाही. ते अगदी उत्तम होते, फक्त दुसऱ्या कुणासाठी बनवलेले होते. रेस ट्रॅकवरचे पॅड चांगले तापल्याशिवाय पूर्ण पकड देत नाहीत. ट्रॅकवर पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत ते तापतात. वारज्याच्या सर्व्हिस रोडवर, थंडीत, तिसऱ्या मिनिटाला कुठून तापणार?

शनिवारी मी रिक्षा करून नाना पेठ गाठली.

पुणेकरांना सांगायला नको, नाना फडणवीसांच्या नावाची ही पेठ म्हणजे गाड्यांचं माहेर. दुकानाच्या दारात झुंबरासारखे टांगलेले सायलेन्सर, आत हॉर्न, सीट कव्हर, क्लच प्लेट. गल्लीत पार्किंगला जागा नाही, हवेत ग्रीसचा आणि अमृततुल्य चहाचा मिश्र वास. मॉलमधल्या सेल्समनसारखं 'मॅम, हाऊ मे आय हेल्प यू' इथे कुणी म्हणत नाही. इथे आधी तुमच्या हातातला जुना पार्ट बघतात, मग तुमच्याकडे.

पिशवीतून मी जुने, मूळचे पॅड काढले. काउंटरमागच्या काकांनी ते चष्म्यावरून पाहिले.

"टीटीचे दिसतात. पीआर कोड आणलाय?"

आणला होता. माझ्या गाडीत डिकीच्या तळाला, स्पेअर व्हीलच्या खळग्यात एक पांढरा स्टिकर आहे, त्यावरच्या कोडवरून कुठले ब्रेक बसवलेत ते कळतं. या पिढीच्या टीटीत पुढची डिस्क इंजिनाप्रमाणे ३१२ मिलिमीटरची असते किंवा ३४० ची, आणि नुसतं मॉडेलचं नाव सांगून पॅड घेतले तर परत फेरी ठरलेली.

मी बॉक्सकडे हात करणार, तेवढ्यात काका म्हणाले, "ताई, आधी सांगा, गाडी रोज कुठं जाते?"

"हिंजवडीला."

"आणि घाटात?"

"महिन्यातून दोनदा."

"म्हणजे अठ्ठावीस दिवस ट्रॅफिक आणि दोन दिवस घाट. मग पॅड त्या दोन दिवसांसाठी घेतले होते होय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सोमवारचा प्रसंग सांगितला. काकांनी चहा मागवला आणि काउंटरवर तीन बॉक्स मांडले.

पहिला सिरॅमिक. आवाज नाही, चाकांवर काळी पूड जवळजवळ नाही, थंड असतानाही शहाण्यासारखा धरतो. रोजच्या शहरी गाडीला झकास. दुसरा सेमी-मेटॅलिक, म्हणजे ज्यात लोखंडाचं प्रमाण भरपूर. उष्णता चांगली सोसतो, पण कुरकुरतो, पूड सोडतो आणि डिस्कही लवकर खातो. तिसरा लो-मेटॅलिक. बऱ्याच युरोपियन गाड्यांना कंपनीतून हाच येतो. पहिल्या दाबाला चांगली पकड, घाटातही बऱ्यापैकी दम, मात्र चाकं काळी करणार म्हणजे करणारच.

"यातला सगळ्यात चांगला कुठला?" हा माझा टिपिकल प्रश्न.

"सगळ्यात चांगला असा पॅड नसतो ताई. कशात तडजोड करणार तेवढं ठरवायचं."

मग त्यांनी बॉक्सवरची आणि पॅडवरची अक्षरं वाचायला शिकवली. वर्तुळातलं इंग्रजी 'ई' आणि पुढे 'आर ९०' दिसलं, तर तो पॅड युरोपच्या नियमात तपासलेला आहे आणि त्याची पकड मूळ पॅडच्या पंधरा टक्के इकडेतिकडे, त्यापलीकडे नाही. काही पॅडच्या कडेला 'एफएफ'सारखी दोन अक्षरं असतात. पहिलं नेहमीच्या तापमानातली पकड सांगतं, दुसरं खूप तापल्यावरची. 'ई' म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, 'एफ' म्हणजे ०.३५ ते ०.४५. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल, तर घाटात पॅड दगा देणार हे आधीच कळलं.

शेल्फवर फेरोडोचा एक बॉक्स होता. ब्रेकच्या या धंद्याची सुरुवातही एका घाटातच झाली म्हणायची. इंग्लंडमधल्या डर्बीशायरच्या डोंगराळ भागात हर्बर्ट फ्रूडने पाहिलं, की उतारावर गाडीवान ब्रेकच्या लाकडी ठोकळ्याला जुने बूट लावतात. त्यावरून त्याने जास्त चांगलं अस्तर शोधलं आणि १८९७ मध्ये कंपनी काढली. फेरोडो हे नाव त्याच्या आडनावाची अक्षरं उलटसुलट करून आणि एक 'ई' घालून बनलंय.

"आणि ब्रेक ऑइल कधी बदललं?" काकांचा पुढचा बाउन्सर. मला माहीत नव्हतं, आधीच्या मालकाच्या बिलांतही नोंद नव्हती. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट ४ दर्जाचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ पर्यंत घसरते. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते आणि पेडल थेट खाली जातं. तेव्हा पॅड सोन्याचे असले तरी उपयोग शून्य. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं.

"नवले पुलाचा उतार तुमच्या घराजवळच ना?" काकांनी विचारलं. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून खाली येणारा तो उतार कोण विसरेल? २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका अवजड वाहनाने ४८ गाड्यांना तडाखा दिला होता. आम्ही बाल्कनीतून नुसते सायरन ऐकत होतो. तेव्हापासून आई मला त्या रस्त्याने येताना फोन करायला सांगते.

मी तिसरा बॉक्स घेतला, लो-मेटॅलिक, आर ९० वाला. घाट मला सोडायचा नव्हता. दर रविवारी चाकं धुवायची तयारी ठेवली.

वारज्यातल्या मेकॅनिक दादांनी पॅड घातले, ऑइल बदललं, डिस्कची जाडी मोजली. निघताना बजावलं, "पॅड सेट होऊ द्या ताई. साठवरून पंधरापर्यंत, आठ-दहा वेळा, पूर्ण थांबायचं नाही. मग दहा मिनिटं ब्रेक न लावता गार करा." पौडच्या पुढे, पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर मी तेवढं केलं. शेजारी बाबा होते. त्यांना गाडीचं कौतुक नाही, पण मुळशीच्या चहाचं आहे.

ताम्हिणी उतरताना बाबांनी एकच प्रश्न विचारला, "तू ब्रेक लावतच नाहीयेस का?" लावत होते, पण कमी. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला धरून होतं. हिशेब सोपा आहे. आम्ही दोघं धरून गाडी साधारण साडेचौदाशे किलोची. शंभर मीटर उंची नुसत्या ब्रेकवर उतरलो, तर जी उष्णता तयार होते तिच्यात चार लिटर पाणी उकळीला येईल. ती सगळी त्या छोट्याशा पॅडच्या माथी कशाला मारायची? विळ्याला उतरलो तेव्हा जळका वास नव्हता. पेडल रेसिंगवाल्याइतकं दगडी नव्हतं हे कबूल. थोडी हळहळ वाटली, तीही कबूल.

सोमवारी सव्वासातला पुन्हा तोच सर्व्हिस रोड. व्हॅन उभी होती. मी लांबूनच हळू केलं होतं, तरी मुद्दाम एकदा पेडल दाबून पाहिलं. थंडगार पॅडनी पहिल्याच दाबाला गाडी धरली. मुलगा व्हॅनच्या मागून आला, मध्ये चांगली दोन गाड्यांची जागा होती. आजोबांनी मला ओळखलं. या वेळी त्यांनी हात वर केला तो 'जा पुढे' म्हणून. मी मान हलवली, "आधी त्याला चढू दे."

नाना पेठेत जाताना

* गाडी घरी ठेवा, रिक्षाने जा. जुना पॅड आणि पीआर कोडचा फोटो सोबत घ्या.
* पॅड तीन मिलिमीटरवर आला की बदला, किंचाळण्याची वाट पाहू नका. एका बाजूचाच नको, दोन्ही चाकांचे एकदम.
* डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. त्याखाली गेली असेल तर नवे पॅड घालून पैसे वाया घालवू नका.
* बॉक्सचं सील, छपाई आणि पॅडवरचे आकडे जुळवून बघा. बिल मागा.
* दुकानदाराने 'गाडी रोज कुठं जाते?' असं विचारलं, तर खरं उत्तर द्या.